उस्मानमिस्त्रीची आठवी गाठ

मोटारीच्या पोटातलं पाणी तुम्ही कधी जिभेला लावून पाहिलं आहे का? हसू नका. मी ज्या माणसाबद्दल लिहितो आहे, त्याने उभं आयुष्य हेच केलं. आणि ज्या दिवशी त्याच्या जिभेने त्याला फसवलं, त्या दिवसानंतर तो मला पूर्वीसारखा कधी दिसला नाही.

मुंबई-पुणे रस्त्यावर लोधिवली आणि चौक यांच्यामध्ये, एका जुन्या चिंचेखाली त्याची पत्र्याची शेड होती. नाव उस्मान. सगळे त्याला उस्मानमिस्त्री म्हणत. पुण्याकडे जाणारी प्रत्येक गाडी पुढच्या घाटाला घाबरून त्याच्या दारात थांबे, आणि घाट उतरून आलेली धापा टाकत थांबे. मालक कितीही मोठा असो, मिस्त्री आधी गाडीला हात लावत नसे. "तापली हाय ती. निवू दे. तवर चा पी." गाडी निवली की ओलं गोणपाट रेडिएटरच्या झाकणावर टाकायचा, हळू फिरवून ते उघडायचा, आत करंगळी बुडवायची, जिभेला लावायची, थुंकायचं, आणि मग निकाल सांगायचा.

"कळंबचं पानी. तुरट लागतंय."

"ह्ये भिवपुरीचं. याला चवच नाय, डोंगरातनं सरळ आलंय."

त्याचे आजे-पणजे खाडीत होड्या चालवणारे. पोटासाठी त्याचा बाप वर आला आणि मोटारीच्या धंद्यात शिरला. मिस्त्री म्हणायचा, "आमी खाडीची मानसं. कुटलं पानी प्यायचं आन् कुटलं नाय, ते आमाला जिबंवर ठरवाया लागायचं. होडी गेली, जीब ऱ्हायली."

एकदा एक वकीलसाहेब नवी कोरी गाडी घेऊन आले. महिनाभरात रेडिएटर गळायला लागला म्हणून कंपनीला शिव्या देत होते. मिस्त्रीने करंगळी चाखली आणि विचारलं, "सायेब, पानी कुटलं?"

"नळाचं. घरच्या नळाचं."

"नळावर तुमी सोता गेलता का गडी?"

"गडी जातो. का?"

"मंग त्यो नळावर गेला नाय. नळ लांब, खाडी जवळ. त्यो जवळ गेला."

मागच्या सीटवर बसलेला गडी पायाच्या अंगठ्याने गाडीची चटई उकरू लागला. वकीलसाहेबांनी त्याच्याकडे वळून पाहिलं, तेव्हा मिस्त्री मध्ये पडला. "त्याला कशापायी बोलताय? दोन बालद्या घेऊन मैलभर तुमी चाला, मंग बोला." असा तो होता. चूक सांगायचा, पण चुकणाऱ्याला एकटं सोडायचा नाही.

रेडिएटर धुवायची त्याची एक रीत होती, आणि ती तो कुणालाही शिकवायचा. आधीचं पाणी काढायचं. मग धुण्याचा सोडा गरम पाण्यात विरघळवून आत भरायचा, इंजिन थोडा वेळ चालवायचं, पुन्हा निवू द्यायचं, काढायचं. मग शेवटचं काम. वरची आणि खालची नळी सोडवून, खालच्या तोंडातून साधं पाणी दाबाने वर चढवायचं. त्यासाठी त्याने बांबूवर एक डबा उंच टांगला होता. गंज, चिखल, पानांचा चुरा सगळं वरच्या तोंडातून भळभळा बाहेर पडे. "ज्या वाटेनं घान आत गेली, त्या वाटेनं ती निघत नाय. उलटी हाकलाया लागती." मला हे इतकं आवडलं होतं की सरकारविरुद्धच्या एका पत्रकात मी ते घातलं. त्याला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "सरकार रेडिएटरात कवा बसलं रं?"

मी पत्रकांवर वाढलेला मुलगा. बेचाळीस साली आमच्या पत्रकांचे गठ्ठे मिस्त्रीच्या शेडमध्ये, रचून ठेवलेल्या जुन्या टायरांच्या पोटात असत. पोलीस येत, चहा पीत, टायरांवर बसत आणि जात. मला तो 'पत्रक्या' म्हणायचा. "पत्रक्या, तुजा कागुद वाचनाऱ्यासाटी हाय. न वाचनाऱ्यासाटी काय लिवलंस?" मी म्हणे, स्वराज्य आलं की सगळे वाचायला शिकतील. तो म्हणे, "तवर?"

धुण्याचं पाणी कुठे टाकायचं, यातही त्याचा कायदा होता. सोड्याचं पाणी मागच्या खड्ड्यात. पण पहिलं पाणी, जे गाडीत नुसतं भरलेलं असे, ते तो जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून शेडसमोरच्या दगडी डोणीत ओतायचा. चैत्र-वैशाखात आमच्याकडे विहिरी तळ गाठतात, आणि नदी तिथून बरीच खाली. रस्त्याने जाणाऱ्या गाड्यांचे बैल त्या डोणीवर थांबत, कुत्री येत, चिमण्या येत. "पानी डोईवर वाहून आनलेलं हाय कुनीतरी. ते भुईवर सांडायचं नाय. कुनाच्या तरी तोंडात गेलं पायजे." पंचवीस वर्षं तो हे करत होता. या एका सवयीसाठी लोक त्याला भला माणूस म्हणत, आणि ते खरंच होतं.

आता बुधीबद्दल सांगतो. बुधी डोंगराच्या कुशीतल्या कातकरवाडीतली. युद्धात पेट्रोल मिळेना, तेव्हा बसगाड्या कोळशाच्या गॅसवर चालू लागल्या, आणि कोळसा पाडायचा तर कातकऱ्यांनीच. बुधी आठवड्यातून दोनदा कोळशाची टोपली डोक्यावर घेऊन मिस्त्रीकडे उतरायची. कोळशाने काळी, दातांनी पांढरी, आणि सदा हसणारी. मला 'कागदवाला दादा' म्हणायची. गावाच्या विहिरीवर कातकऱ्यांना पाय ठेवू देत नसत. कुणीतरी वरून ओतलं तर ओंजळीने प्यायचं, नाहीतर तहानलेलं परत जायचं. विहीर सर्वांना खुली करा, असं पत्रक मी काढलं होतं. गावाने ते वाचलं, छान लिहिलंय म्हणून माझी पाठ थोपटली, आणि विहीर होती तशीच राहिली. मिस्त्री मात्र बुधी आली की काम टाकून तांब्या घेऊन उभा राहायचा. तो नसला आणि त्याची बायको, आमची चाची, घरात असली तर ती ओतायची. दोघंही नसली तर बुधी डोणीत ओंजळ घालायची. "ते गुरांचं हाय गं," मिस्त्री रागवायचा. ती म्हणायची, "गुरं काय बोलत नाय मला, मिस्त्रीबाबा."

युद्ध संपल्यानंतरचा पहिला उन्हाळा होता. लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या होत्या. खोपोलीच्या एका व्यापाऱ्याने आठ लॉऱ्यांचा गट उचलला आणि एकेक करून विकायला काढला. त्यातली पहिली लॉरी एके सकाळी मिस्त्रीकडे आली. सरहद्दीकडच्या बर्फातून आलेली, अंगावर अजून लष्करी रंग. ड्रायव्हर म्हणाला, रेडिएटर धुऊन द्या, घाटात दगा नको, आणि शेडमागे जाऊन झोपला. मी तिथेच टायरावर बसून काही लिहीत होतो.

"पत्रक्या, हिकडं ये. काय लिवलंय रं ह्ये?"

रेडिएटरजवळच्या पत्र्यावर पांढऱ्या रंगात, ठसा मारून इंग्रजी अक्षरं उमटवलेली होती. शेडमध्ये इंग्रजी येणारा मी एकटा. मी वाचलं. पाणी गोठू नये म्हणून आत मिश्रण घातलं आहे, ते काढू नये, असा मजकूर होता.

"कुटं गोठतंय?"

"सरहद्दीवर बर्फ पडतो ना. तिथली गाडी आहे. इथे चैत्रात काय गोठणार आहे? साहेब निघाला, तरी हुकूम मागे ठेवून चाललाय."

"मंग काडू का नको?"

"काढा हो. साहेबाचं 'काढू नये' आपण आजवर कधी ऐकलंय?"

तो हसला. मीही हसलो. ते हसणं अजून माझ्या कानात आहे.

त्याने करंगळी बुडवली, जिभेला लावली, थुंकला, आणि थांबला. पुन्हा लावली. "ग्वाड हाय," तो म्हणाला. घाटातले ड्रायव्हर गळका रेडिएटर बुजवायला आत हळद टाकत, गूळ टाकत. हे त्याला पाठ होतं. रंगही गंजाने तांबूस झालेला, गुळवण्यासारखा. "गूळ टाकलाय कुनीतरी. गळती आसंल." त्याने धोतराच्या फडक्यातून ते सगळं नेहमीसारखं गाळलं आणि डोण भरली. "बैलांची आज दिवाळी हाय," तो म्हणाला.

गाडीची एक नळी चिरलेली निघाली. नवी आणायला तो ड्रायव्हरला घेऊन दुसऱ्या गाडीने खालापूरला गेला. चाची माहेरी गेलेली. मी चौकला गेलो. तिथे संध्याकाळी दारूबंदीवर माझं भाषण होतं.

दुपार कलताना मी शेडमध्ये विसरलेले कागद न्यायला परत येत होतो, तर रस्त्याच्या कडेला चार-पाच माणसं उभी राहून हसत होती. मध्ये बुधी. रिकामी टोपली एका हातात, दुसऱ्या हाताने कुंपण धरलेलं. पाय एकीकडे, अंग एकीकडे. शब्द जड पडत होते.

"आज भर दुपारीच लावली का गं?" एकजण म्हणाला.

"कोळशाचे पैसे सरळ गुत्त्यावर," दुसरा म्हणाला.

माझ्या डोक्यात संध्याकाळचं भाषण तयार होतं. ते मी तिथेच सुरू केलं. दारूने आदिवासींची कशी माती केली, तुझी पोरं घरी वाट पाहत असतील, तुला लाज वाटत नाही का, असं सगळं. ती मध्येच खाली बसली, ओकली, आणि वर बघून म्हणाली, "दारू नाय पिली, दादा. पानी पिलं. डोनीचं."

"खोटं बोलू नकोस," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग म्हणाली, "बरं." आणि उठून, कुंपणाला धरून धरून, वाडीच्या वाटेला लागली. माझं तिच्याशी झालेलं ते शेवटचं बोलणं.

मिस्त्री परत आला तेव्हा डोण अर्धी झाली होती आणि त्याचा कुत्रा तिथे लपलप पाणी पीत होता. बैल येऊन गेले असतील, असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी कुत्रा लडखडला, तिसऱ्या दिवशी मेला. मिस्त्रीने कपाळाला आठी घातली आणि डोण मागच्या खड्ड्यात रिकामी केली. पाचव्या दिवशी बुधीऐवजी तिची आई सोमी कोळसा घेऊन आली. टोपली उतरवून तिथेच उभी राहिली.

"बुधी कुटाय?" मिस्त्रीने विचारलं.

"गेली."

"कुटं?"

"मेली, बाबा. दोन दिस लघवी नाय झाली तिला. पोट धरून कन्हत हुती. मदीच म्हनायची, मिस्त्रीबाबाच्या डोनीतलं पानी लय ग्वाड हुतं."

मिस्त्रीच्या हातात हातोडा होता. तो त्याने खाली ठेवला. टाकला नाही, ठेवला, जागेवर. मग तो शेडच्या मागे गेला, आणि बराच वेळ आला नाही.

त्याच दिवशी तो खोपोलीला गेला आणि त्याने त्या लॉरीच्या ड्रायव्हरला शोधून काढलं. तो लष्करातून सुटलेला माणूस. त्याने सांगितलं, ते पाणी नसतंच. बर्फात इंजिन फुटू नये म्हणून घालतात ते विष असतं. गोड लागतं, म्हणून जास्त वाईट. दारू प्याल्यासारखं होतं, मग मूत्रपिंडं बंद पडतात. "म्हणून तर गाडीवर लिहिलं होतं," तो म्हणाला. "तुम्हाला वाचता नाही आलं?"

हे सगळं मिस्त्रीने मला परत आल्यावर सांगितलं. मी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हननार? म्हनलं, मला वाचता येत नाय."

माझं नाव त्याने घेतलं नव्हतं. तेव्हा नाही आणि नंतरही कधी नाही. मी त्याला म्हणालो, चाचा, वाचलं मी होतं. तो म्हणाला, "चव मी घेतली हुती. तुजं वाचनं नवं हाय, माजी जीब पंचवीस वर्सांची." मी रडलो. त्याने मला रडू दिलं, समजूत घातली नाही. तेही बरोबरच होतं.

तालुक्याच्या गावी जाऊन त्याने एका जमादारापुढे सांगितलं, मी एक बाई मारली, लिहून घ्या. जमादाराने विचारलं, कोण बाई? कातकरीण, म्हटल्यावर त्याने दौतीचं झाकण पुन्हा लावलं. "दारू पिऊन मेली असं गावानं कळवलंय. म्हातारबा, उन्हात फिरू नका." मिस्त्री तिथे दुपारपर्यंत बसून राहिला. बुधीच्या मरणाचा गुन्हाच घडलेला नव्हता, कारण बुधी कुणीच नव्हती. जिवंतपणी तिला विहीर नव्हती, मेल्यावर तिला कागद नव्हता. मी आजवर लिहिलेल्या सगळ्या पत्रकांतला संताप एकत्र केला, तरी त्या बंद झालेल्या दौतीच्या आवाजाला तो पुरणार नाही.

मग तो वाडीत गेला. मी बरोबर होतो. सोमीच्या झोपडीपुढे तो टोपी हातात घेऊन जमिनीवर बसला आणि त्याने जसं घडलं तसं सांगितलं. सोमी ऐकत होती. बुधीची दोन लेकरं तिच्या मागे उभी होती. सांगून झाल्यावर तो मान खाली घालून बसला. मला वाटलं ती शिव्या देईल, दगड मारेल. सोमी म्हणाली, "तुमी पानी तरी द्येत हुता, बाबा. बाकीचे ते बी नाय."

परतीच्या वाटेवर तो एकच वाक्य बोलला. "तिनं मारायला पायजे हुतं रं मला."

त्या दिवसापासून त्याने पाणी चाखणं सोडलं. गाडी यायची, तो गोणपाट टाकून झाकण उघडायचा, करंगळी सवयीने पुढे जायची, आणि मध्येच मूठ मिटायची. डोण त्याने उलटी करून ठेवली आणि तिच्यावर बसू लागला, तोंड रस्त्याकडे करून. शेजारी झाकणाचा मोठा माठ आणि ओगराळं ठेवलं. जो येईल त्याला तो किंवा चाची ओतून देत.

आणि त्याने एक सुतळी घेतली आणि तिला आठ गाठी मारल्या. आठ लॉऱ्या. पहिलीची गाठ त्याने लगेच सोडली. "ती तर बुधीनं रिकामी केली," तो म्हणाला. राहिल्या सात. त्या तोवर विकल्या गेल्या होत्या, कुणाला ते व्यापाऱ्यालाही धड सांगता येईना, आणि त्यांच्या पोटात ते गोड पाणी. कुणीतरी, कुठेतरी, त्याच्यासारखाच भला माणूस ते पाणी गाळून डोणीत ओतणार होता. तेवढा एकच विचार त्याच्या डोक्यात राहिला. लष्करी रंगाची लॉरी दिसली की तो लाल फडकं घेऊन रस्त्यात उभा राही. पनवेलला जाई, घाट चढून जाई, मोटारवाल्यांना विचारी.

लॉरी सापडली की तो स्वतः ती धुऊन देई. गाडी पूर्ण निवल्यावर सगळं पाणी थेंबही न सांडता डब्यात. सोड्याचं पाणी डब्यात. नंतरच्या साध्या पाण्याच्या पहिल्या दोन खेपाही डब्यात. "त्यात बी ते आसतंय." प्रत्येक डब्याला झाकण बसवून त्यावर कथील वितळवून डाख द्यायचा, म्हणजे उघडायचंच म्हटलं तर छिन्नी लागावी. त्याच्या मागच्या खड्ड्यात आता तो काहीही ओतत नसे. "खड्ड्याच्या खाली बी पानीच हाय. ते कुनाच्या हिरीत जातंय, कुनाला ठावं?"

"डब्यांवर चिठ्ठी लावू का?" मी विचारलं.

"लाव." आणि मग त्याने प्रत्येक डब्याला बोरीची काटी बांधली, जशी आपण शेताच्या वाटेवर टाकतो, इकडून जाऊ नका म्हणून. "वाचनाऱ्याला चिठी. न वाचनाऱ्याला काटी." काटीची गाठ आवळत म्हणाला, "वाचनाऱ्याला बी काटीच बरी."

मग माझ्याकडे पाहून, "तुला नाय म्हनत."

ते डबे मी मुंबईला एका कारखान्यातल्या रसायनतज्ज्ञाकडे पोचवत असे. त्याने ते तपासले, ड्रायव्हर म्हणाला तेच सांगितलं, आणि पुढचे डबेही आणा, गटारात किंवा ओढ्यात काही जाऊ देऊ नका, म्हणाला.

मिस्त्रीने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "पत्रक्या, येवडी पत्रकं लिवलीस. येक माजं लिव." मी लिहिलं. 'हे भारतमातेच्या सुपुत्रांनो' इथून सुरुवात होती. परकीय सत्तेने जाताना मागे ठेवलेलं विष वगैरे. तो शेवटपर्यंत ऐकत होता. "यात डोन कुटं हाय? काटी कुटं हाय? बुधीला ह्ये कळलं आसतं का?" मी म्हणालो, पुन्हा लिहितो. पण स्वराज्याचे दिवस जवळ आले होते, छापखान्यात जागा नव्हती, आणि मला वाटे की त्याचं पत्रक थांबू शकतं. पुढच्या आठवड्यात, मी म्हणे. तो दर वेळी "बरं" म्हणे. बुधी म्हणाली होती, तसंच.

वर्ष गेलं. सहा गाठी सुटल्या. पुढच्या पावसाळ्यात, गावोगाव झेंडे शिवले जात असताना, त्याला कळलं की कर्जतकडे कळंबला एक लष्करी लॉरी आहे आणि मिरवणुकीसाठी ती धुऊन-पुसून सजवायची आहे. धो धो पावसात तो कर्जतला गेला आणि तिथून पुढे बरंचसं चालत गेला. पोचला तेव्हा लॉरीचा मालक रेडिएटरखाली हंडा लावून बसला होता, पितळेचा, घरातला. मिस्त्रीने त्याचा हात धरला. मालक आधी चिडला, मग हसला, आणि मग बुधीची गोष्ट ऐकून त्याने हंडा बाजूला सरकवला. सातवी गाठ सुटली.

तो घरी आला तो तापाने फणफणूनच. छातीत कफ भरला. मी झेंड्यांच्या कामात होतो. चाचीने निरोप धाडला, तेव्हा गेलो. तो भिंतीला टेकून बसला होता, श्वास वर वर चालला होता.

"छापलंस का रं?"

"छापलं," मी म्हणालो. छापलं नव्हतं.

"वाचून दाव."

खिशात कागदही नव्हता. मी डोळे मिटले आणि तोंडाला येईल ते सांगत गेलो. लष्करी गाडीचं पाणी गोड असतं. ते विष आहे. ते डोणीत ओतू नका, भुईवर ओतू नका, ओढ्यात ओतू नका. डब्यात भरा. झाकण पक्कं लावा. काटी बांधा. कुणी ते प्यायलं आणि झिंगल्यासारखं करू लागलं, तर हसू नका. ते दारू प्यालेले नाहीत. त्यांना डॉक्टरकडे न्या. ते जे सांगतील, ते ऐका.

तो ऐकत होता. "हां," म्हणाला. "ह्ये बुधीला कळलं आसतं." मग हळूच, डोळे मिटलेलेच ठेवून, म्हणाला, "आता खरंच छाप."

त्याला कळलं होतं.

दोन दिवसांनी तो गेला. रस्त्याने झेंडे लावलेल्या गाड्या भोंगे वाजवत चालल्या होत्या आणि आम्ही त्याला कबरस्तानाकडे नेत होतो. वाडीतून सोमी आली होती. ती फाटकाबाहेर उभी राहिली, आणि सगळे गेल्यावर तिने हातातली बोरीची काटी फाटकाच्या खांबाला अडकवली. का, ते मी विचारलं नाही.

चाचीने मला ती सुतळी दिली. तिला एक गाठ आहे.

तेव्हा वाचक हो, हे माझं पत्रक. उशिरा छापलेलं. ती आठवी लॉरी कुठे आहे, ते मला ठाऊक नाही. तिचा रंग आता बदलला असेल, तिच्यावरची अक्षरं पुसली असतील. तुमच्या गावात, तुमच्या शेजारच्या मोटारवाल्याकडे लष्करातून आलेली गाडी असेल, तर आज त्याच्याकडे जा. ही गोष्ट त्याला सांगा. जो वाचू शकत नाही, त्याला स्वतः सांगा. त्या गाडीचं पाणी त्याला चाखू देऊ नका, उघड्यावर काढू देऊ नका. ते डब्यात भरून, डाख देऊन, वर काटी बांधून ठेवायला लावा. आणि मग मला दोन ओळी लिहा, म्हणजे मी गाठ सोडीन.